पाठीमागून हाक

९ ऑगस्ट १९५५, मंगळवार. सकाळी अकराच्या सुमाराला मी वाल सोलायला बसले होते. श्रावणात आमच्याकडे दर दोन-तीन दिवसांनी बिरडं होई. वाल आधी भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक सोलायचा. मोठ्या माणसाला हे काम कंटाळवाणं, पण लहान मुलांना फार आवडतं. मोड आलेला वाल दोन बोटांत धरून जरा दाबला की आतली डाळ सुळकन उडते. ती नेमकी वाटीत पाडायची. मुलाच्या बोटांना जोर येतो, नजर बसते आणि घरातलं काम होतं. एका कामात तीन गोष्टी साधल्या की मला बरं वाटतं.

माझी मुलगी समोर बसली होती. तिला चार वर्षं पुरी व्हायला दोन महिने होते. तिच्यापुढे तीन वाट्या होत्या: एकीत अख्खी डाळ, एकीत मोडलेली, तिसरीत सालं. तिच्या डाळीत एक साल सापडलं नसतं. माझ्या डाळीत सापडलं तर ती ते उचलून माझ्यापुढे धरी आणि भुवया वर करी. बोलत मात्र नव्हती. ‘आ’ आणि ‘बा’ एवढे दोन आवाज तिच्या तोंडून येत, तेही कधीमधी.

माझी शिकवण्याची रीत आधी सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. लग्नाआधी दोन वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवत होते. लग्न होऊन पनवेलला आले, नोकरी सुटली, सवय सुटली नाही. आळीतली चार-पाच मुलं रोज नऊला माझ्या ओसरीवर येत आणि साडेदहाला घरी जात. विकतचं खेळणं मी कधी आणलं नाही. काडेपेटीची खोकी, चिंचोके, फुटक्या बांगड्या, जुन्या साड्यांचे काठ यांवर भागत होतं. भांडी मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने लावायची. डब्यांना त्यांची त्यांची झाकणं शोधायची. वाळलेल्या कपड्यांतून कोणाचं काय ते वेगळं करायचं आणि घडी घालायची. परातीत तांदळाचं पीठ पसरून बोटाने अक्षर काढायचं, परात हलवली की पाटी कोरी. मुलांचे हात आधी धुतलेले असत, त्यामुळे मागाहून त्याच पिठाच्या भाकऱ्या करायला माझी हरकत नसे.

माझे दोन नियम होते. वस्तू हातात घेतल्याशिवाय किंवा बोटाने दाखवल्याशिवाय तिचं नाव घ्यायचं नाही, हा पहिला. नुसते शब्द मुलाच्या डोक्यावरून जातात, असं माझं ठाम मत होतं आणि अजून आहे. दुसरा नियम, रोजचा क्रम बदलायचा नाही. पुढे काय येणार हे ठाऊक असलं की मूल रडत नाही. आधी भांडी, मग झाकणं, मग टाळ्यांचा खेळ, मग पीठ. टाळ्यांच्या खेळात मी मुलांच्या समोर बसून कमीजास्त लयीत टाळ्या वाजवी आणि मुलांनी माझ्याबरोबर वाजवायच्या.

या सगळ्यात माझी मुलगी पहिली. टाळी तर तिची माझ्याबरोबरच पडे, इतरांची मागून येई. आळीतल्या बायका म्हणत, “तुमची बोलत नाही एवढंच. बाकी आमच्या बडबड्यांना बाजारात विकून येईल.” मी हसून विषय बदली, पण मनातून फुगलेली असे. मूल कसं शिकवावं हे मला कळतं, अशी माझी खात्री होती आणि मुलगी म्हणजे तिचा पुरावा होती.

न बोलण्याचं कोडं घरात केव्हाच सुटलेलं होतं. ते सासूबाईंनी सोडवलं होतं. “तुझा नवरा चार वर्षांचा होईतो हं आणि हुं यापुढे गेला नव्हता,” त्या म्हणत. “तुझ्या सासऱ्यांनी आशा सोडली होती. आता जा आणि गिरणीत ऐक, हमालांना कशी विशेषणं लावतो ते. लेक बापावर गेली आहे.” माझे यजमान भाताच्या गिरणीत कारकून होते. त्यांना हे ऐकून संकोच होई, पण धीरही येई. चार वर्षं पुरी होऊ देत, असं आम्ही सगळेच म्हणत होतो.

वाल घेऊन जवळच्या नेरे गावाहून एक बाई येत असे. ती म्हणाली, “बाय, पोरीला पोपटाचा उष्टा पेरू द्या. आमच्या वाडीवर पोपट लई हायत. आमी माझ्या भाच्याला दिलावता, आता गप बस म्हनलं तरी बसत नाय. पुढल्या खेपंला आनते. पोर बोलली नाय तर मला बोला.”

तिने खरोखरच चोच मारलेला पेरू आणला. मी तो स्वच्छ धुतला, पोपटाने कोरलेला भाग कापून टाकला आणि राहिलेला मुलीला दिला. सासूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “उष्टं तेवढं टाकलंस. आता औषध काय राहिलं त्यात?”

त्या मंगळवारी वाल अर्धे झाले असतील तेव्हा शेजारच्या नर्सबाई मागच्या दाराने आल्या. शेजारी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांपैकी, एक कुटुंब होतं; त्यातल्या या थोरल्या सूनबाई. सरकारी दवाखान्यात रात्रपाळी करून आल्या होत्या आणि आमचं झाकणाचं पातेलं परत द्यायला थांबल्या होत्या. मुलीची त्यांच्याकडे पाठ होती. नर्सबाईंनी लाडाने तिला हाक मारली. मुलगी वाल सोलत राहिली. त्यांनी पुन्हा हाक मारली.

“कामात असली की मान वर करत नाही,” मी म्हणाले. “मीच लावलेली सवय आहे.”

“सवय चांगली आहे,” नर्सबाई म्हणाल्या.  मग पातेल्यावरचं पितळी झाकण त्यांनी कमरेच्या उंचीवरून सोडून दिलं.

दारातल्या फरशीवर ते असं आदळलं की माझ्या हातातली वाटी कलंडली. आतून सासूबाई ओरडल्या, “कोण पाडतंय गं घर?” मुलीने एक वाल उचलला, दाबला, डाळ वाटीत पाडली.

“पाऊस पडतोय,” मी म्हणाले. “पत्र्यावर एवढा आवाज चाललाय, त्यात तिला काय ऐकू येणार?”

“तुम्हाला ऐकू आलं ना, वहिनी?”

मला राग आला. रात्रभर जागून आलेल्या बाईला मी बसासुद्धा म्हटलं नाही. त्या झाकण उचलून पातेल्यावर ठेवत म्हणाल्या, “मी डॉक्टर नाही. पण मुंबईला कानाच्या डॉक्टरांना दाखवा. मोठ्या इस्पितळात माझी ओळख आहे, चिठ्ठी देते.” मी बरं म्हणाले, ते त्यांनी जावं म्हणून.

त्या गेल्यावर मी वाल पुरे केले, डाळ धुतली, स्वयंपाक केला. जेवणं झाली. सासूबाई आडव्या झाल्या. मग मी मुलीला भिंतीकडे तोंड करून बसवलं आणि तिच्यापुढे बांगड्यांचे तुकडे ठेवले, रंग वेगळे करायला. मागे बसून मी पळी तव्यावर वाजवली. टाळी वाजवली. तिचं नाव घेतलं, आधी हळू, मग मोठ्याने. ती हिरवे तुकडे लावत होती. मी जागा बदलली तेव्हा दारातून येणारी माझी सावली भिंतीवर हलली, आणि ती लगेच मागे वळून हसली.

मी उठून दाराआड गेले, जिथून सावली पडणार नाही. पाऊस थांबला होता. मी पुन्हा पळी वाजवली, पुष्कळ वेळ. मुलगी काही वळली नाही. शेवटी सासूबाई उठून आल्या आणि म्हणाल्या, “दुपारचा काय तमाशा लावलायस?”

एकेक गोष्ट तेव्हा उलगडत गेली. मी वाटी म्हणून हात पुढे केला की ती वाटी आणी. हात पुढे न करता मी कधी काही मागितलंच नव्हतं. भांड्यांनंतर झाकणं येतात हे सांगावं लागत नव्हतं, कारण ती रोजच येत होती. टाळ्या ती माझ्या हातांकडे बघून वाजवत होती. वडील घरी यायच्या वेळी ती आधीच दारात जाऊन उभी राही, त्याचं आम्हाला कौतुक होतं; त्या वेळेला ऊन समोरच्या भिंतीच्या कोनाड्यापाशी येतं हे माझ्या त्या दिवशी लक्षात आलं. दुसऱ्या कुठल्या वेंधळ्या घरात ही मुलगी असती तर वर्षाच्या आत तिच्या आईला कळलं असतं. माझ्या घरातल्या शिस्तीने ते चार वर्षं झाकून ठेवलं.

आणि एक गोष्ट आठवली. मागच्या उन्हाळ्यात मी तिला घेऊन तळ्यावर धुणं धुवायला गेले होते. ती पायऱ्यांवरून पाण्याकडे निघाली. मी तीनदा हाक मारली. थांबली नाही म्हणून धावत जाऊन धरलं आणि दोन थोबाडीत ठेवून दिल्या. त्यानंतर ती बाहेर चालताना दर चार पावलांनी मागे वळून माझ्या तोंडाकडे बघू लागली. एकदा मारलं की मूल कसं सुधारतं, याचं उदाहरण म्हणून मी ते आळीत दोघी-तिघींना सांगितलंसुद्धा होतं.

पुढचं इथेच सांगून टाकते. मुंबईच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की दोन्ही कान कामातून गेलेले आहेत, जन्मापासून की तान्हेपणच्या तापाने ते आता कळायचं नाही आणि औषध नाही. लवकर आणली असतीत तर शिकवायला लवकर सुरुवात झाली असती, एवढंच ते म्हणाले. सहाव्या वर्षी तिला मुंबईला बहिऱ्या मुलांच्या शाळेत ठेवलं. तिथेच राहायचं, सुटीत घरी. आज ती सतरा वर्षांची आहे. शिवण उत्तम करते, अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. ‘आई’ हा शब्द तिने नवव्या वर्षी म्हटला. शाळेतल्या बाईंनी तो तिच्याकडून दोन वर्षं घोटून घेतला होता. परक्या माणसाला तो कळणार नाही.

सुटीत येते तेव्हा पाहुण्यासारखी वागते. ताट उचलून ठेवते, अंथरूण घडी करून ठेवते, निघायच्या आदल्या दिवशी स्वतःची पिशवी स्वतः भरते. तिथे तिला मैत्रिणी आहेत, हातांनी भराभर बोलतात. ते बोलणं मला येत नाही. मी शिकायला हवं होतं. घर, सासूबाईंचं आजारपण, आणखी दोन मुलं, अशी कारणं सांगता येतील. ती खरी आहेत, पण माझ्यासारख्या बाईला ती पुरत नाहीत. नर्सबाईंचं कुटुंब नंतर इस्राएलला गेलं. त्यांचे आभार मी कधी नीट मानले नाहीत.

आता त्या मंगळवारची संध्याकाळ. हे सहाला गिरणीतून आले. पाय धुऊन होईतो मी थांबले आणि मग काय झालं ते सरळ सांगितलं. यांनी ऐकून घेतलं आणि आईकडे बघितलं.

सासूबाई म्हणाल्या, “नर्स झाली म्हणजे काय ब्रह्मदेव झाली? बाळंतपणं करते ती. कानातलं तिला काय कळतं? वेखंड मधात उगाळून चाटवायला घेऊ उद्यापासून. दोन महिन्यांनी चार पुरी होतात. तोवर मुंबई-बिंबई नको. एकदा का आळीत बहिरी म्हणून नाव पडलं की कायमचं. मुलीची जात आहे.”

“मी दुपारी सगळं करून बघितलं,” मी म्हणाले.

“तू काय बघितलंस? दाराआड लपून पळ्या बडवत होतीस. पोर कंटाळली असेल तुझ्या परीक्षांना.”

यांचा स्वभाव मऊ. म्हणाले, “मी बघतो.” मुलगी माझ्यासमोर बसली होती. दिव्याच्या काचा पुसायचा तो वेळ, मी काच पुशी आणि ती फडकं धरून बसे. हे तिच्या मागे चार हातांवर उभे राहिले आणि त्यांनी तिला हाक मारली. मोठ्याने नाही, नेहमी मारत तशीच.

मुलगी वळली. यांच्याकडे बघून हसली आणि हात पसरले.

सासूबाईंनी देवाला हात जोडले. “बघ. बापाची हाक बरोबर ऐकते.” यांनी मुलीला उचलून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसत होतं. “अगं, तू घाबरवलंस की मला,” ते म्हणाले. “दुपारी पाऊस केवढा होता.”

 ती का वळली ते मला माहीत होतं. हे हाक मारणार म्हणून माझे डोळे त्यांच्याकडे गेले होते. मुलीने माझे डोळे बघितले आणि मी जिकडे बघितलं तिकडे ती वळली.

हे फक्त मला ठाऊक होतं. गप्प बसले असते तर कोणाला कळलं नसतं. आणि खरं सांगायचं तर गप्प बसावंसं वाटलं. दोन महिने तर होते. वेखंडाने अपाय काही नाही. आळीतल्या बायका सकाळी मुलं माझ्या ओसरीवर सोडतात, त्यांना काय सांगणार होते? चार वर्षं स्वतःच्या मुलीचे कान जिला कळले नाहीत तिच्याकडे कोण मूल पाठवील? हा विचारही मनात आला. आधी मुलीचा आला, मग हा, असं लिहायला आवडलं असतं, पण क्रम उलटा होता.

मी हातातली काच खाली ठेवली. म्हणाले, “अहो, मी तुमच्याकडे बघितलं, म्हणून ती वळली.”

“काहीतरी काय बोलतेस.”

“तिला खाली बसवा. परत हाक मारा. मी डोळे मिटते.”

“पुरे आता,” सासूबाई म्हणाल्या. “अगं, वळली ना पोर? तुला स्वतःच्या पोरीत खोट काढायची हौस आहे का?”

यांनी तिला माझ्यासमोर बसवलं. तिच्या हातात फडकं दिलं. मी डोळे मिटले आणि मान खाली घातली. यांची हाक ऐकू आली. मग जरा वेळाने दुसरी. तिसरी त्यांनी इतक्या मोठ्याने मारली की रस्त्यावरून कोणीतरी ओ दिली. मी डोळे उघडले. मुलगी काच एका हातात धरून, जीभ बाहेर काढून, फडक्याचं टोक आत सारत होती.

हे खाली बसले. बराच वेळ त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला होता. मग म्हणाले, “तू गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं? दोन महिने.”

“दोन महिने गेले असते,” मी म्हणाले.

सासूबाई उठून आत गेल्या. जेवताना मुलगी सगळ्यांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती. काही तरी बिनसलंय हे तिला कळलं होतं. तिने स्वतःच्या ताटातला गूळ उचलून आधी माझ्या पानात ठेवला, मग यांच्या.

झोपण्याआधी मी शेजारी जाऊन नर्सबाईंकडून चिठ्ठी घेऊन आले. यांना मी विचारलं नाही आणि त्यांनी जाऊ नको असंही म्हटलं नाही. “रजा मिळायची नाही,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडेचारला उठले. चार पोळ्या केल्या, बटाट्याची सुकी भाजी केली, फडक्यात बांधली. यांचा आणि सासूबाईंचा स्वयंपाक करून झाकून ठेवला. समोरच्या घरी जाऊन सांगितलं की आज मुलं पाठवू नका, इतरांनाही निरोप द्या. त्या घरातली बाई केस विंचरत दारात आली होती. तिने विचारलं, का हो? मी म्हणाले, “माझ्या मुलीला ऐकू येत नाही. मुंबईला डॉक्टरांना दाखवायला नेतेय.” तिच्या हातातला कंगवा तसाच राहिला. आणखी काही विचारायच्या आत मी घरी आले, मुलीला आंघोळ घातली, वेण्या घातल्या, पुढे मुंबईची आगगाडी गाठायला सव्वासहाची ठाण्याची एसटी पकडली.